रोहितचं साल कुणी मोडलं?

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं म्हणणाऱ्या गावाला स्वतःची आयपीएल टीम नाही, हे एका परीनं बरंच आहे. असती तर मालकांना एकाच टीमला धरून बसावं लागलं असतं. आता दहाही टीमांचा कारभार त्यांच्याकडं आहे.

मालक म्हणजे एकच माणूस नव्हे. जिंतूर रोडला एक आहेत, मानवतच्या मोंढ्यात एक, सेलूला स्टेशनबाहेर एक. गंगाखेडला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मी सांगतोय ते परभणीच्या मोंढ्यात एका कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर संध्याकाळी सापडतात. दुकान त्यांचं नाही, बाकडंही नाही. पण खताच्या गोण्यांना पाठ टेकता येते ती कोपऱ्यातली जागा त्यांची. चुकून दुसरं कुणी बसलंच तर दुकानदार "मालक यायलेत" म्हणून उठवतो. वय पन्नाशीच्या पुढं, पांढरा सदरा, खिशात दोन मोबाइल, त्यातला एक कायम चार्जिंगला लावायचा राहिलेला. बारा एकर रान, कापूस आणि सोयाबीन, एक विहीर, एक बोअर, एक सालगडी. स्ट्राइक रेट, इकॉनॉमी असल्या फंदात ते पडत नाहीत. क्रिकेटमध्ये त्यांचा विषय एकच: निष्ठा. कोण कुणाला सोडून गेलं, किती पैशांसाठी गेलं आणि जाताना काय तोंडानं गेलं.

15 डिसेंबर 2023 ला मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. त्या संध्याकाळी बाकड्यावर कापसाच्या भावाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मालक आले, बसले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "साल मोडलं."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला असतो. रक्कम ठरते, त्यातली काही उचल म्हणून आधी हातात पडते, वर ज्वारी, कपडे, चप्पल अशी बोली असते. मधे कामाला आला नाही तर तो खाडा. खाडे वहीत लिहितात आणि शेवटी हिशेबात वळते करतात. वर्ष भरायच्या आत गडी निघून गेला तर त्यानं साल मोडलं. मालकानंच काढून दिलं तर मालकानं मोडलं. पहिल्या प्रकाराची चर्चा गावभर होते, दुसऱ्याची होत नाही.

आयपीएलचं अख्खं व्याकरण मालकांनी या वहीत बसवलेलं आहे. रिटेन केला म्हणजे गडी ठेवून घेतला. लिलाव म्हणजे सौदा. जसप्रीत बुमरा पाठीच्या दुखण्यानं 2023 चा पूर्ण हंगाम खेळला नाही, तर तो सालभराचा खाडा. "आमच्या गड्याची पाठ धरली तरी तो तंबाखू मळतो अन् कामाला लागतो," हे वर. (त्यांच्या गड्याची पाठ एकदा खरंच धरली होती. गोळी मालकांनी दिली आणि खाडाही मालकांनीच लिहिला.)

तर हार्दिक. 2015 ला दहा लाखांत मुंबईकडं लागला. मुंबईबरोबर चार कप पाहिले. 2022 ला पंधरा कोटींवर गुजरात टायटन्सकडं कर्णधार म्हणून गेला, पहिल्याच वर्षी कप जिंकला, दुसऱ्या वर्षी फायनल खेळला आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा मुंबईच्या दारात. मालकांचं म्हणणं असं, की परत आलेल्या गड्याला घ्यायला हरकत नाही, पण त्याला आधी गोठ्याकडं ठेवायचं असतं, आल्या आल्या घराच्या चाव्या द्यायच्या नसतात. "अन् ज्यानं पाच कप आणून दिले त्याला म्हणायचं, तू आता बांधावर उभा राहा. कामून? रोहितनं काय साल मोडलं होतं?" आयुष्यात एखाद्या मालकाला दोष देताना मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

मुंबईच्या जर्सी जाळल्याचे व्हिडिओ तेव्हा मोबाइलवर फिरत होते. मालकांकडं शिवाजी चौकातून घेतलेली एक होती, पाठीवर 45 नंबर. जाळायचं नक्की झालं. पण कापड चांगलं होतं, घाम टिपत होतं. शेवटी ती सालगड्याला दिली. पुढचं वर्षभर बारा एकरांत रोहित शर्मा निंदणी-खुरपणी करत होता, आणि गंमत म्हणजे गडी कट्टर धोनीवाला.

2024 चा हंगाम मालकांनी फार मन लावून पाहिला. हार्दिक नाणेफेकीला आला की आधी अहमदाबादला, मग हैदराबादला, मग खुद्द वानखेडेवर लोकांनी हुर्यो उडवली. 1 एप्रिलला तर संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. परभणीत मालकांना सांगायला कुणी नव्हतं. मुंबई दहापैकी दहावी आली आणि त्यांनी बाकड्यावर पेढे वाटले. आपली टीम तळाला गेली म्हणून पेढे वाटणारा चाहता मी आधी पाहिला नव्हता.

मग 29 जून आला. ब्रिजटाउनला विश्वचषकाची फायनल, शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्यात, आणि चेंडू हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर मिलरचा उंच फटका, सीमारेषेवर सूर्यकुमारचा तो झेल. भारत सात धावांनी जिंकला. 4 जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "गडी कामाचा आहे. मी पहिल्यापासून म्हणायलो." जर्सी परत मागून घ्यावी असंही त्यांच्या मनात आलं होतं, पण तोवर तिच्यावर फवारणीचे डाग पडले होते आणि उजवी बाही पऱ्हाटीत अडकून फाटली होती.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला पानटपरीवाले चाचा बसतात. त्यांचं मालकांशी जुनं भांडण आहे. "मालक, अपनी रेल सीधी हैदराबाद जाती. पुराने लोगां दवाखाने कू, शादी के कपड्यां कू, सब हैदराबादच जाते थे. तुम मुंबई के वास्ते कायकू रोते?" मालकांचं उत्तर ठरलेलं, "17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झालो ते काय सनरायझर्सला टाळ्या वाजवायला?" यावर बाकडं हसतं आणि विषय संपतो. एकदा मात्र चाचांनी पानाला चुना लावता लावता हळूच विचारलं, "पर रोहित पहले किसका था?"

रोहित पहिली तीन वर्षं हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडं होता. 2009 चा कप त्यांच्याबरोबर जिंकला. त्याच वर्षी त्यानं गोलंदाजी करून हॅटट्रिक घेतली होती आणि ती कुणाविरुद्ध? मुंबईविरुद्धच. 2011 च्या लिलावात मुंबईनं त्याला वीस लाख डॉलर मोजून घेतलं. ज्याच्या निष्ठेसाठी मालकांनी जर्सीवर पाणी सोडलं, तो मुळात परगावचा गडी. मालक बराच वेळ गप्प राहिले. मग वहीतलं कलम सापडलं. "त्याचं साल पूर्ण झालं होतं. पाडव्याला मोकळा झाला, दुसरीकडं लागला. त्यात पाप नाही." चाचांनी पान पुढं केलं. निकाल मान्य होता असं नाही, पण न्यायालय तेवढं एकच आहे.

याच कलमानं रवींद्र जडेजा बरीच वर्षं गुन्हेगार होता. राजस्थानशी करार असताना त्यानं मुंबईशी बोलणी केली म्हणून 2010 चा हंगाम त्याला बंदी होती. साल चालू असताना दुसऱ्याच्या बांधावर जाऊन भाव विचारायचा, हे मालकांच्या कायद्यात चोरीपेक्षा मोठं. 2023 च्या फायनलला शेवटच्या दोन चेंडूंवर दहा हव्या असताना त्यानं सिक्स आणि फोर मारून चेन्नईला कप दिला आणि धोनीनं त्याला उचलून घेतलं, तेव्हाही मालकांनी फक्त मान हलवली. पण नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईनं त्याला राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला आणि जडेजा अठराऐवजी चौदा कोटींवर गेला, तेव्हा त्यांना एकदम गहिवरून आलं. "चार कोटी कमी घेतले अन् जुन्या मालकाकडं गेला!" ही बातमी त्यांनी सालगड्याला दोनदा वाचून दाखवली.

विराट कोहलीबद्दल मात्र त्यांच्या मनात कधी किंतु नव्हता. 2008 पासून एकच टीम. सतरा वर्षं कप नाही, अठराव्या वर्षी, 3 जून 2025 ला अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवून मिळाला. "याला म्हणतात गडी!" दुकानदार बिलं लावता लावता म्हणाला, "गडी राहिला मालक, पण त्याचा मालक कुठं राहिला?" टीम घेतली ती विजय मल्ल्यांच्या कंपनीनं, आणि 2016 ला मल्ल्याच देश सोडून गेले. मालकांच्या वहीत यासाठी कलमच नाही. गड्यानं साल मोडलं तर काय, मालकानं मोडलं तर काय, हे लिहिलेलं आहे. मालकच लंडनला गेला तर खाडा कुणाचा लिहायचा?

खरं तर परभणीकरांनी याचं आश्चर्य मानू नये. निष्ठेचे धडे आम्ही क्रिकेटकडून घेतलेच नाहीत, लोकसभेकडून घेतले. धनुष्यबाणावर निवडून यायचं आणि पुढं पक्ष सोडायचा, ही इथल्या खासदारकीची जुनी ख्याती. संजय जाधव 2014 आणि 2019 ला निवडून आले, शिवसेना फुटली तरी ठाकऱ्यांकडंच राहिले आणि 2024 ला पुन्हा जिंकले. पण तोवर धनुष्यबाणच दुसरीकडं गेला होता आणि त्यांना मशाल घेऊन उभं राहावं लागलं. माणूस जागेवर, चिन्ह गेलेलं. तेव्हा कुणी कुणाला सोडलं हे बाकड्यावर दोन दिवस ठरत नव्हतं.

स्वतः मालकांचं काय, असं कुणी विचारत नाही. उचल एका आडत्याची आणि कापूस दुसऱ्याच्या काट्यावर, हे ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्याला ते व्यवहार म्हणतात.

एकदा त्यांचा पुण्याचा भाचा आला होता. आयटीतला, त्यामुळं सगळ्या जगाच्या बातम्या खिशात. त्यानं अमेरिकेतल्या बेसबॉलचं सांगितलं. शोहेई ओहतानी नावाचा जपानी खेळाडू, डिसेंबर 2023 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबर त्याचा दहा वर्षांचा करार झाला, सत्तर कोटी डॉलरचा. मालकांनी 'हं' केलं, कोटी ऐकून ते आता दबत नाहीत. पण भाचा पुढं म्हणाला, की त्यातले तो वर्षाला फक्त वीस लाख डॉलर घेतो. बाकीचे अडुसष्ट कोटी टीमकडंच ठेवलेत, ते 2034 पासून दहा वर्षं मिळणार, बिनव्याजी.

मालक ताठ बसले. "म्हणजे उचल नाहीच? उलटी मालकाकडं ठेव?"

"हो मामा."

"बिनव्याजी?"

"बिनव्याजी."

मालकांनी गोणीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिले. "असा एखादा आपल्याकडं पाहिजे," ते म्हणाले. "कापूस वेचता येतो का त्याला?"

आणि मग पाडवा आला. दारात गुढी, गाठी, कडुनिंबाचा डहाळा, आणि ओट्यावर सालगडी. लाख-सव्वा लाखाच्या खाली हल्ली गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, ही मराठवाड्यातल्या प्रत्येक मालकाची पाडव्याची रड आहे. मी तिथं होतो, कारण मालकांना साक्षीला कुणीतरी शिकलेला माणूस लागतो. गड्याच्या अंगात तीच 45 नंबरची जर्सी होती, धुऊन आणलेली.

"मालक, शेजारच्या पाटलांनी दीड लाख म्हणलेत," गडी म्हणाला.

मालकांनी आधी निष्ठेनं सुरुवात केली. "तू धोनीवाला ना? मग बघ धोनीकडं. बारा कोटींवर होता. पाच वर्षं इंडियाकडून खेळला नाही म्हणून अनकॅप्डमध्ये धरला, चारच कोटी देतो म्हणाले. गेला का दुसरीकडं? चार कोटींवर राहिला."

"राहिला की," गडी म्हणाला. "त्याच्याकडं आधीचे हायेत, मालक."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी गाठी खात होतो. मग त्यांनी छाती पुढं काढून शेवटचं हत्यार बाहेर काढलं. "बरं. राईट टू मॅच. पाटलाचे दीड ते माझे दीड. गडी माझा."

गड्यानं मान डोलावली, नियम त्याला मान्य होता. "पर मालक, मग समोरच्याला एकदा वाढवायचा चान्स असतो. पंतच्या टायमाला झालं न्हवं का? लखनौचे पावणेएकवीस, दिल्लीनं मॅच केलं, तर लखनौनं एकदम सत्तावीस कोटी केले. दिल्ली बसली गप्प."

आणि त्यानं जर्सीखालच्या बंडीतून मोबाइल काढला, पाटलांचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.