कामाचा दाखला

बुलढाण्याहून औरंगाबादेकडे जाताना, जिल्ह्याची हद्द आता संपणार असे वाटू लागते न लागते तोच धाड लागते, आणि या गावच्या पूर्वजांनी दोन सरकारे शेजारी शेजारी नांदताना पाहिलेली आहेत. कारण 1853 साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केल्यावर धाड इंग्रजी अमलाखाली आले आणि पलीकडचे भोकरदन निजामाच्या मोगलाईतच राहिले, सबब शेतसारा हद्दीअलीकडे आणि सोयरीक हद्दीपलीकडे अशा अवस्थेत संसार करणाऱ्या घरांना, एका कचेरीत जे काम रुजू होते तेच दुसऱ्या कचेरीत नामंजूर होऊ शकते, हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढता प्राप्त झाले असले पाहिजे.

इतके शिक्षण झालेल्या गावाला तिसऱ्या एका सरकारचा कायदा अवघड वाटू नये. ते सरकार पदार्थविज्ञानाचे. त्याच्या दफ्तरात कामाविषयी एकच कलम आहे: लावलेले बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. विस्थापन झाले नसेल, किंवा झाले पण बलाच्या काटकोनात झाले, तर काम शून्य. मग अर्जदार घामाने निथळत उभा असो वा धापा टाकीत आडवा पडलेला असो. या निकालावर अपील नाही. कामाची ही व्याख्या 1829 साली कोरिओलिस नावाच्या एका फ्रेंच अभियंत्याने रूढ केली, आणि त्या भल्या गृहस्थाला यंत्रायंत्रांची तुलना करण्यास एक माप हवे होते यापलीकडे त्याचा काही हेतू नसावा. परंतु कायदा करणाऱ्याचा हेतू आणि कायद्याची अंमलबजावणी यांची गाठ सहसा पडत नाही, याचा प्रत्यय आठवडी बाजारात येतो.

बाजारात ज्वारीचे क्विंटलचे पोते पाठीवर घेऊन जाणारा हमाल पाहा. पोते जमिनीपासून मीटरभर वर उचलले गेले, तेव्हा त्यावर सुमारे 980 ज्यूल काम झाले, हे पदार्थविज्ञान निमूटपणे कबूल करते. पुढे तो अडत्याच्या दुकानापर्यंत सपाट वाटेने चालत गेला. पोत्याला आधार देणारे त्याचे बल वरच्या दिशेने आणि प्रवास आडवा, म्हणून या साऱ्या वाटचालीचे काम शून्य. दुकानात पोहोचल्यावर त्याने पोते हळूच खाली ठेवले, आणि येथेच दफ्तराच्या निर्दयपणाची कमाल होते. कारण खाली ठेवताना बल वर आणि विस्थापन खाली, म्हणजे 980 ज्यूल वजा. जमा-नावे बरोबर, बाकी काही नाही. दिवसभर असा राबलेला इसम संध्याकाळी न्यूटनसाहेबाच्या खजिन्यासमोर उभा राहिला तर त्याच्या हातावर शून्य पडेल, आणि सकाळपासून लोडाला टेकून बसलेल्या अडत्याच्या हातावरही शून्यच पडेल. समाजवाद इतक्या काटेकोरपणे आजवर कोणत्याही पक्षाने आणलेला नाही. हमाल मात्र हमाली मागतो, अडत्या ती घासाघीस करून का होईना देतो, आणि या व्यवहारात कोणाच्याही तोंडी कोरिओलिसचे नाव येत नाही.

याहून उद्बोधक देखावा पावसाळ्यात काळीच्या रानात दिसत असे. कडब्याची गाडी बांधापाशी चिखलात रुतलेली आहे, बैलांनी माना घालून जू ओढले आहे, धुरकरी आरोळ्या ठोकीत शेपट्या पिळतो आहे, दोघे जण आऱ्यांना हात घालून चाक उचलू पाहत आहेत, एक जण मागून साटीला खांदा लावून गुडघाभर चिखलात उभा आहे, आणि ज्यांच्या शेतातून गाडी चालली होती ते पाटील बांधावर छत्री धरून, "हां, आता लावा जोर!" असे दर मिनिटास सुचवीत आहेत. चाक तसूभर हललेले नाही. पदार्थविज्ञानाच्या हजेरीपटावर या क्षणी बैल, धुरकरी, चिखलातले तिघे आणि छत्रीखालचे पाटील या सर्वांच्या नावापुढे एकसारखा शेरा पडतो. आश्चर्य हे की, पाटलांना हा शेरा आधीपासून मान्य असतो, परंतु फक्त इतरांच्या बाबतीत. "सकाळपासून काय काम केलं रे तुम्ही?" हा त्यांचा प्रश्न शास्त्रशुद्ध असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मग ती दमणूक गेली कोठे? याचे उत्तर पदार्थविज्ञान देते, पण दुसऱ्या खिडकीवर. खांदा लावून निश्चल उभ्या असलेल्या माणसाचे स्नायू आत निश्चल नसतात. त्यांतले तंतू घट्ट होतात, सैल होतात, पुन्हा घट्ट होतात, आणि अन्नातून मिळालेली रासायनिक ऊर्जा अशा रीतीने खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे चाक हलले नाही तरी माणूस तापला. खर्च पडला खरा, फक्त तो गाडीच्या खात्यावर न पडता न्याहारीच्या खात्यावर पडला. यांत्रिक ऊर्जा आणि उष्णता यांचा हा विनिमयाचा दर ठरविण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणारा ज्यूल हा इंग्लंडातील सॅलफर्डच्या एका बिअर गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा होता, आणि पाण्यात पाती फिरवून ते पाणी किती तापते हे तो अंशाच्या बारीक भागापर्यंत मोजीत बसे. घरचा धंदा पाहता त्याने पाण्याकडे इतके लक्ष पुरविले, ही गोष्ट मला विशेष वाटते.

उलटपक्षी, या दफ्तरात ज्यांची कामगिरी सर्वांत मोठी ठरते त्यांनी कष्ट मुळीच केलेले नसतात. आमच्याच जिल्ह्यात लोणार आहे. आकाशातून एक पाषाण आला, काळ्या बसाल्टावर आदळला, आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर करून मोकळा झाला. हे केव्हा घडले याबद्दल शास्त्रज्ञांत दावा चालू आहे. एका मोजणीने सुमारे 52 हजार वर्षे भरतात तर दुसरीने 5 लाख 70 हजार, आणि इतकी तफावत आमच्याकडे केवळ बांधाच्या मोजणीत आढळते. हे सामर्थ्य त्या दगडाला वजनापेक्षा वेगाने दिले. गतिज ऊर्जेत वस्तुमान एकपट मोजतात पण वेगाचा वर्ग करतात. म्हणून राजूर घाट उतरणाऱ्या एसटीचा वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट ऊर्जा पचवावी लागते, आणि अंतराळातून पृथ्वीवर येणारा दगड सेकंदाला निदान 11 किलोमीटर वेगाने येत असल्यामुळे, ताशी 60 किलोमीटरने धावणाऱ्या एसटीच्या एका किलोत जितकी ऊर्जा असेल तिच्या चार लाख पटींहून अधिक त्याच्या एका किलोत असते.

आमच्या शेजारच्या मळ्यात एक आबा आहेत, ज्यांनी तरुणपणी मोट हाकली आणि आता पाचची मोटर चालवितात. त्यांना मी एकदा विहिरीच्या थारोळ्यावर बसून हिशेब मांडून दाखविला. मोटेत सव्वाशे लिटर पाणी येते आणि ते दहा मीटर वर चढते असे धरले, तर एका मोटेचे काम 12,250 ज्यूल. बैल धावेच्या उतारावरून खाली जातात तेव्हा त्यांचे स्वतःचे वजन नाडा ओढण्यास साहाय्य करते, हे खरे. पण मागे सरत वर येताना तेवढेच वजन त्यांना परत चढवावे लागते, म्हणजे गुरुत्वाकर्षण हे बिनव्याजी कर्ज देते परंतु फेड त्याच फेरीत मागते.

"मंग बैलानं कमावलं काय?" आबांनी विचारले.

"कमावलं ते पाण्यानं, आबा. आणि खर्च झाला तो कडब्याचा."

हे त्यांना पटले. त्यानंतर मी भाकरीचा विषय काढला. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे साडेतीनशे किलोकॅलरी, म्हणजे साडेचौदा लाख ज्यूल ऊर्जा असते. एका भाकरीत जवळजवळ 120 मोटा. शरीर यातील सुमारे चौथा हिस्साच कामास लावते आणि बाकीची उष्णता करून टाकते हे वजा घातले, तरी तीस मोटा उरतातच. लोणारच्या त्या पाषाणाचा किलो घेतला, तर किमान वेगाने तो चाळीसेक भाकऱ्यांचाच भरतो, हेही मी सांगितले. आबांनी डोक्यावरचे मुंडासे सारखे केले आणि विहिरीत एकवार डोकावून पाहिले.

"अन् माही मोटर?"

पाच अश्वशक्ती म्हणजे 3,730 वॅट. चांगली बैलजोडी सावकाश चालत सुमारे एक अश्वशक्ती देते, म्हणून मोटरीत पाच जोड्या जुंपलेल्या समजाव्यात, आणि त्यांना वैरण नको, पेंड नको. निम्मी शक्ती पंपात, पाइपात आणि घर्षणात वाया गेली तरी दहा मीटरवरून सेकंदाला 19 लिटर पाणी यावे. विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल.

"भाकरीत सांगा, मास्तर."

"अडीच भाकऱ्या, आबा."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. हा हिशेब त्यांच्या मनात कोठवर उतरला असेल याचा अंदाज करीत असतानाच घरावरचा दिवा लागला, थ्री फेज आल्याची ती खूण होती, आणि आबा स्टार्टरच्या पेटीकडे लगबगीने निघाले. जाता जाता मात्र मागे वळून म्हणाले,

"मंग या खेपेच्या बिलापायी भाकऱ्याच नेऊन देतो न कचेरीत. ठेचा मागतीन, तं त्योबी देईन."