ओन्सेनमधले व्याही

व्याही हे नातं मुळात कपड्यांच्या आधारानं उभं असतं. व्याह्यांना टोपी-उपरणं, त्यांच्या भावाला शर्टपीस, विहीणबाईंना पैठणी, आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना साधी इरकल चालेल का, यावर मध्यरात्रीपर्यंत खल. आमच्या मुलीचं लग्न असंच पार पडलं. सीमांतपूजनातल्या उपरण्याचे काठ अरुंद होते, हे आमच्या व्याह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त दर दिवाळीला ते तेच उपरणं घालून आमच्याकडे येतात.

अशा व्याह्यांसमोर अंगावर एक धागाही न ठेवता बसायची वेळ माझ्यावर जपानात आली.

मुलगी-जावई टोकियोत निशी-कासाईला राहतात. २००० सालच्या आसपास संगणकवाली भारतीय मंडळी तिथे वस्तीला येऊ लागली, त्यामुळे तूरडाळीची चिंता नव्हती. चिंता होती ती जागेची. आम्ही दोघं आणि व्याही-विहीणबाई एकाच वेळी जाऊन थडकलो. दोन खोल्या, सहा माणसं, न्हाणीघर एक. चौथ्या माणसाची आंघोळ होईपर्यंत जावयाची ऑफिसची गाडी चुकायची. त्यावर तोडगा म्हणून त्यानं हाकोनेचं ओन्सेन काढलं. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्या काठची मुक्कामाची जागा.

शिंजुकूहून निघालेली गाडी दीडेक तासात हाकोने-युमोतोला पोचवते. गाडीचं नाव रोमान्सकार. तिच्यात मी व्याह्यांच्या शेजारी बसलो.

मुक्काम जुन्या पद्धतीच्या सरायीत, म्हणजे ऱ्योकानात होता. दारात चपला काढायच्या, सपाता घालायच्या. तातामीच्या चटईवर त्याही काढायच्या. संडासात तिसऱ्याच सपाता, आणि त्या पायात तशाच ठेवून बाहेर आलात तर संपलं. माझ्या आजीचं सोवळंसुद्धा इतकं कडक नव्हतं.

मग युकाता आले. सुती झग्यासारखा हा पोशाख उजवी बाजू आत आणि डावी वर अशी घेऊन बांधायचा. व्याही उलटा बांधून ऐटीत बाहेर आले. तोवर नुसती वाकून हसणारी तिथली बाई एकदम गंभीर झाली आणि हातवारे करू लागली. जावयानं खुलासा केला, "अप्पा, उजवी बाजू वर फक्त मयताची घेतात." विहीणबाईंचा हात मंगळसूत्राकडे गेला. व्याही म्हणाले, "बघ, आयतीच तयारी होती."

स्नानगृहाच्या दारावर पुरुषांना निळा पडदा, बायकांना लाल. आत एक टोपली, सगळे कपडे तिच्यात. सगळे म्हणजे सगळे; पोहायची चड्डीसुद्धा चालत नाही. हातात उरतो नॅपकिनएवढा टॉवेल. तो कुठे धरायचा, हे ज्यानं त्यानं आपापल्या संस्कारांप्रमाणे ठरवायचं. पुढे पाण्यात उतरताना तोही बुडवायची बंदी, म्हणून जपानी माणसं त्याची घडी डोक्यावर ठेवतात. म्हणजे लाज झाकायचं उरलंसुरलं वस्त्रही टोपीच्या जागी जातं.

पण कुंडात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ घासायचं. आम्ही ओळीनं बसलो. डावीकडे जावई, उजवीकडे व्याही. दिवाळसणाला ज्याला पाटावर बसवून उटणं लावलं, तो जावई अदबीनं म्हणाला, "बाबा, पाठ चोळून देऊ? इथे देतात." मी नको म्हणायच्या आत व्याही सरसावले. "तू राहू दे रे, मी देतो." वरपित्यानं वधूपित्याची पाठ चोळल्याचा दाखला कुठल्याही धर्मशास्त्रात नसावा. चोळता चोळता ते म्हणाले, "व्याहीबुवा, कित्येक वर्षं विचारीन म्हणतोय. ते उपरणं कुठल्या दुकानातनं घेतलंत? कितीही धुवा, काठाचा रंग जात नाही हो!"

माझ्या तोंडाला फेस होता म्हणून बरं.

बाहेरच्या कुंडाभोवती दगड, वर मोकळं आभाळ आणि नाकाला गंधकाचा वास. पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास. पहिल्यांदा माणूस 'आई गं' म्हणतो आणि मग उठायचं नाव घेत नाही. जावयानं माहिती पुरवली की १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून निघताना पाणी २५ अंश सेल्सियस असलं तरी ते ओन्सेन ठरतं; तेवढं नसेल तर ठरावीक खनिजांपैकी एखादं पुरेसं असलं तरी पुरतं. या हिशेबानं आमच्या सोलापूरच्या बोअरलाही परवाना मिळायला हरकत नसावी. व्याही संगमेश्वरचे. ते उसळून म्हणाले, "आमच्या तुरळला या, राजवाडीला या. याहून कढत! आणि चड्डी घालून!" कुंडात मोठ्यानं बोलणं तिथे असभ्य समजतात. समोरचे जपानी आजोबा डोळे मिटून बसले होते. ते डोक्यावरची घडी सावरत हळूहळू पार पलीकडच्या टोकाला सरकले.

रात्रीचं जेवण चिमुकल्या वाट्यांतून, चित्रासारखं मांडलेलं. आम्ही शाकाहारी असल्याचं कळवलं होतं. सूपमध्ये मासा नव्हताच. सुकवलेल्या माशाचा अर्क तेवढा होता. मी, हिनं आणि विहीणबाईंनी भात-मेतकूट खाल्लं. व्याह्यांनी आमची तिघांची सुपं संपवली.

दुसऱ्या दिवशी हाकोनेतल्याच ओवाकुदानीला गंधकाच्या पाण्यात उकडलेली काळीकुट्ट अंडी पाहिली. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं, अशी तिथली समजूत. व्याह्यांनी दोन खाल्ली. तिसरं विहीणबाईंनी खाऊ दिलं नाही.

परतीच्या गाडीत जावई सहज बोलून गेला की बऱ्याच ऱ्योकानांत तासाच्या भाड्यानं स्वतंत्र कुंडही मिळतं, फक्त आपल्या कुटुंबापुरतं. लेकी-जावयाकडे जपानला निघालेल्यांनी ही चौकशी आधीच करून ठेवावी. व्याही बरोबर असतील तर मात्र करू नये.