काकांच्या रात्रीच्या फेऱ्या

"काय गं मीना, काल आमच्या दिव्यानं तुझी झोपमोड झाली असेल!"

"झाली ना, काकू. लागतोय, विझतोय. काकांना बरं नाही का?"

"कसलं बरं! तिकडं लिंगमळ्याला दहिवर गोठलंय म्हणतात, आणि ह्यांची रात्रभर मोरीकडं ये-जा. किडनी गेली म्हणून बसलेत. संध्याकाळपासून पाणी बंद!"

"अहो, थंडीत सगळ्यांनाच होतं ते. कातडीच्या शिरा आखडतात, रक्त आत वळतं. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं. मग 'पाणी राखून ठेव' असा मेंदूतून किडनीला जो निरोप जातो, तो ढिला पडतो. त्यात घाम नाही. मे महिन्यात पसरणी घाट उतरून वाईला जा. तांब्यावर तांब्या पिऊनही माणूस दोनदाच जातो, तेही पिवळं."

"तू लॅबवाली, तुला ठाऊक. पण किडनी म्हणजे गाळणीच ना? घाण तेवढी बाहेर काढायची."

"उलटं असतं. तुमच्या पडवीत बायका स्ट्रॉबेरी भरतात, तेव्हा क्रेटमधली खराब तेवढी वेचतात का?"

"छे! सगळी ओतायची, चांगली उचलायची. उरेल ते उकिरड्यावर."

"तेच! एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी, ती रक्तातच राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया सगळं बाहेर ओतलं जातं. पुढं लांब नळीत कामाचं ते उचलून परत रक्तात. दिवसाला 180 लिटर गाळतात आणि दीड-दोन लिटर लघवी होते."

"180? अंगात रक्त तरी केवढं?"

"पाचेक लिटर. तेच फिरून फिरून येतं, मिनिटाला लिटरभराहून जास्त."

"मग पमीच्या सासऱ्यांच्या लघवीत साखर कशी गं सापडली? चोरून फज खातो म्हातारा, मी पाहिलंय मार्केटात."

"रक्तातली साखर 180 च्या वर गेली, की नळ्यांना सगळी उचलता येत नाही. राहिलेली साखर पाणी ओढून नेते, म्हणून सारखं जावं लागतं."

"तुझं सगळीकडं 180च कसं गं?"

"ते लिटर होते, काकू, हे मिलिग्रॅम! तेव्हा काकांची साखर बघा, बीपी बघा, क्रिएटिनिन करून घ्या. त्या वयात बाप्यांची प्रोस्टेटही वाढते, तिच्यापायी रात्री उठावं लागतं. लघवी जास्त झाली म्हणून किडनी गेली, किंवा नाही गेली, हे घरी बसून ठरत नाही. डॉक्टरांना दाखवा. बरं, गुडघ्यांचं काय म्हणतायत?"

"रोज दोन गोळ्या. दुकानातनं आपल्याच मनानं आणतात."

"दुखण्याच्या?"

"हो. आता पाणीच बंद, म्हणून कोरड्याच गिळतात."

"अहो काकू, त्या गोळ्यांनीच किडनीकडं जाणारं रक्त कमी होतं! वर पाणी तोडलं, तर चांगली किडनीही बिघडायची."

"अगं बाई! आत्ताच पाकीट घेऊन बसलेत ते. अहोऽऽ, ठेवा ती गोळी खाली! ठेवा म्हणते ना!"