प्रसारित वाण

तंजावरकडच्या मराठी माणसाला गावातली तमिळ मंडळी 'रायर' म्हणतात. निवृत्त रायर ही त्यातली खास जमात. मुलगी विलायतेत, ओसरीवर झोपाळा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आणि लेकीकडे सहा महिने राहून परतताना बॅगेत तिकडचं एखादं खूळ. कुणी चालायची काठी आणतो, कुणी तिथल्या हवेबद्दलची मतं आणतो. आडुतुरैच्या आमच्या रायरांनी स्कोन आणले, म्हणजे चहासोबत खायचे छोटे इंग्रजी पाव.

दुसऱ्या कुणी ते करून, दोन-चार घरी वाटून विषय संपवला असता. पण आमचे रायर आयुष्यभर आडुतुरैच्या भात संशोधन संस्थेत नोकरीला होते. १९२२ साली सुरू झालेलं हे ठिकाण. एडीटी ३६, एडीटी ४३ हे भाताचे वाण ही इथलीच अपत्यं. अशा माणसाला एक स्कोन पुरत नाही. त्याला वाण लागतात. म्हणून त्यांच्या घरात 'आल्याचा स्कोन' असं कुणी म्हणत नाही. साधा तो एएस १, आलं-गुळाचा एएस ४, कढीपत्ता-मिरचीचा एएस ७, आणि डिग्री कॉफीचा काढा घालून केलेला एएस ९. मधले आकडे कुठे गेले असं विचारलं की ते खिन्नपणे म्हणतात, "चाचणीत टिकले नाहीत."

प्रत्येक वाणाची वहीत नोंद होते: जनक, उंची, कवच, पक्वतेचा कालावधी. एडीटी ४३ ला एकशे दहा दिवस लागतात, एएस ७ ला २२० अंशांवर चौदा मिनिटं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर संशोधकाचं समाधान असतं. एक रकाना 'लोळण्या'चाही आहे. भात वाऱ्यापावसात लोळतं तसा स्कोनही फुगता फुगता एका अंगाला कलतो. कारण त्यांनी शोधून ठेवलंय: साचा सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही; पिळला की कडा चिकटून बसते आणि उरलेली बाजूच तेवढी वर चढते. साचा म्हणजे अर्थात कॉफीचा पितळी टंबलर. तो थंड हवा म्हणून फ्रीजरमध्ये असतो, आणि सकाळची कॉफी रायरांच्या पत्नीला, म्हणजे मामींना, स्टीलच्या पेल्यात प्यावी लागते. डिग्री कॉफीच्या कुंभकोणमच्या इतक्या जवळ हे घडावं, याचं मामींना फार लागतं.

खरी लढाई लोण्याशी. पाव किलो मैद्यात पन्नास-साठ ग्रॅम लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, पण ते वितळता कामा नये. लोण्याचे कण भट्टीत जाईपर्यंत घट्ट राहिले तरच स्कोनला पापुद्रा सुटतो. लेकीच्या स्वयंपाकघरात हे आपोआप होतं. कावेरीच्या खोऱ्यात मे महिन्यात लोणी बरणीतून ताटात येईपर्यंतच तूप व्हायच्या वाटेला लागतं. रायरांनी यावर हंगाम ठरवून टाकला. तंजावरात भाताचे हंगाम तीन, कुरुवै, सांबा आणि ताळडी. स्कोन फक्त शेवटच्या दोघांत. कुरुवैत, म्हणजे मेट्टूर धरणाचं पाणी सोडतात त्या जूनच्या सुमाराला, वही बंद आणि रायर चिडचिडे.

एकदा स्वतःच्याच संस्थेवरच्या निष्ठेपोटी त्यांनी एडीटी ४३ च्या पिठाचे स्कोन केले. तांदळात गव्हासारखा चिवटपणा नसतो, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत. तरी केले. ट्रेमधून जे निघालं ते मामींनी मुकाट्याने उपम्यात जिरवलं.

मग बहुस्थानीय चाचण्या. म्हणजे शेजार. गल्लीतल्या प्रत्येक घरी ताटलीत चार तुकडे जातात, कुठला कोणता ते न सांगता, आणि सोबत एक कागद. त्यावर 'छान आहे' लिहिलेलं चालत नाही. समोरच्या पाटी, म्हणजे आजीबाई, कावेरीवर फिरायला जातात त्या आता मागच्या दाराने. पोस्टमन मात्र पक्का लाभार्थी आहे. तो सगळ्याला दहापैकी दहा देतो, म्हणून त्याचा कागद रायर हिशेबात धरत नाहीत.

साय आधी की जॅम आधी, यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल पिढ्यान् पिढ्या भांडताहेत, हे रायरांनी शेजारच्या अय्यंगारांना सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं: हे तर वडकलै-तेंकलै, आम्हा अय्यंगारांच्या दोन पंथांचं भांडण. कांचीत हत्तीच्या कपाळावर कुठला टिळा लावायचा यावर कोर्टकचेऱ्या झालेल्या ज्या मुलखाने पाहिल्या, त्याला सायीचं काय नवल? रायर स्वतः मध्यममार्गी. साय डावीकडे, आवळ्याचा मुरंबा उजवीकडे.

आणि कुणी "अहो, स्कोनमध्ये कढीपत्ता?" म्हटलं, की त्यांचं हुकमी अस्त्र बाहेर येतं: सांबार. तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला कोकम मिळालं नाही, चिंच पडली, आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावावरून सांबार झालं, ही इथल्या प्रत्येक मराठी घरातली आख्यायिका. तीनशे वर्षांपूर्वी घटक बदलले तेव्हा कोण बोललं होतं? मात्र संशोधक इथेही स्वस्थ बसत नाही. त्या प्रयोगात तुलनेला कोकमाची साधी आमटी ठेवायला हवी होती, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. दरबाराची पद्धतशास्त्राची बाजू कच्ची.

संकराबद्दल तर बोलूच नका. साठच्या दशकात एडीटी २७ आलं, त्याचा एक जनक जपानी होता आणि त्याने डेल्टातल्या शेतीचा नूर पालटला, हे ते इतक्या अभिमानाने सांगतात की जणू लग्न यांनीच जुळवलं. (ते तेव्हा शाळेत होते.) जपानी चालतो तर इंग्रज का नाही?

गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला भेटले, तेव्हा अभंग चालू असताना त्यांनी माझ्या कानात सांगितलं की पुढच्या हंगामात मोठा संकर आहे, स्कोन गुणिले पुरणपोळी. इंग्रज जनक तयार आहे. पुरणाच्या बाजूने वाटाघाटी अडल्या आहेत. मामींनी डाळीचा डबा माळ्यावर ठेवून शिडी बहिणीकडे पाठवली आहे.