उसातला माणूस आणि दारातला झेंडू

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की उरुळी कांचनच्या पुढे आणि यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. टोलनाक्यामुळे हे नाव गाडीवाल्यांना पाठ झालं, पण गावात वळणारे थोडे. जे वळतात त्यांना एक माणूस हमखास भेटतो. तसा तो खालीवर साऱ्या दौंड तालुक्यातच भेटतो. त्याचं खरं नाव काहीही असो, आपण त्याला तात्या म्हणू.

तात्यांनी जन्मभर ऊस केला. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, पाळीसाठी रात्री-बेरात्री उठणं, गुऱ्हाळवाल्याशी भाव, कारखान्याशी तोड. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते उसाच्या मापाने मोजतात. नातू नववीत गेला तर म्हणतात, "वाढतोय, पण पेरं सुटंना त्याचं." नवी सोयरीक बघून आले की पहिला शेरा, "घर चांगलंय, फुटवा कमीय." वाढ म्हणजे उंची, उंची म्हणजे टनेज, आणि टनेज म्हणजे माणसाची अब्रू, एवढं साधं त्यांचं तत्त्वज्ञान.

अशा माणसाच्या हाती झेंडू आला.

शेत पोराच्या ताब्यात गेलं, गुडघे बोलू लागले, आणि तुकोबांची पालखी यवतच्या मुक्कामाकडे सरकल्यावर थोड्याच दिवसांनी सुनेने रोपवाटिकेतून झेंडूची रोपं आणली. दारासमोरच्या पट्टीत लावायची, दसऱ्याला तोरण घरचं करायचं, एवढाच बेत. तात्या म्हणाले, "तू स्वयंपाक बघ. शेती माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी पट्टीत सरी पडली. तिसऱ्या दिवशी पाट. त्यानंतर रोपांच्या बुडाशी ओंजळ-ओंजळ युरिया. अडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस असते. तात्यांच्या हाताला तेवढीच सवय. झेंडूचं त्याच्या कितीतरी कमी नत्रात भागतं आणि पाणीही बेताचंच लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही. कृषी सहायकाने सांगितलं, शेजारच्या फुलवाल्या शेतकऱ्याने सांगितलं. तात्यांनी दोघांनाही चहा पाजला.

झाडं अशी उठली की बघत राहावं. काळपट हिरवी पानं, अंगठ्याएवढी खोडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तात्या थांबवायचे आणि झेंडूशेजारी उभं करून उंची दाखवायचे. "कमरेला लागला. अजून महिनाय दसऱ्याला." कळी कुठे दिसत नव्हती, पण उसाला कळी नसतेच. उसाला तुरा आला तर शेतकरी उलट कपाळाला हात लावतो, कारण तुरा आला की वाढ संपली. चाळीस वर्षं फूल टाळण्यात घालवलेल्या माणसाकडून आपण फुलाची अपेक्षा करत होतो.

हे तात्यांना समजावणं अवघड. झेंडू हे एका हंगामाचं झाड. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि आटोपायचं. नत्राची पंगत मांडली की त्याला वाटतं, घाई काय आहे, अजून चार फांद्या काढू. कुणीतरी तात्यांना हेही सांगून बघितलं की हे मूळचं मेक्सिकोचं झाड, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आलं, तिकडे नोव्हेंबरात पितरांच्या सणाला याच फुलांनी थडगी सजवतात. तात्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं कालवाय का?"

मुख्य भांडण मात्र शेंड्यावरून. झेंडूची लावण होऊन महिना-सव्वा महिना झाला की शेंडा खुडायचा असतो. शेंड्यात तयार होणारं एक द्रव्य खालचे डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, झाड बसकं आणि घेरदार होतं, आणि फुलं फांदीफांदीला येतात. सुनेने नख लावायला हात पुढे केला तर तात्या खाटेवरून ओरडले, "खबरदार! पोंगा मारतीस का झाडाचा?" पोंगा मरणं म्हणजे काय, हे खोडकिडीने उसात जन्मभर दाखवलेलं. जो शेंडा अळीपासून वाचवायला एवढी औषधं ओतली, तो आता घरच्याच माणसाने चिमटीत धरायचा?

इथे काकू बोलल्या. काकू फारशा बोलत नाहीत. तात्यांच्या घरात बोलायला जागाच कमी असते.

"उसात जेठा मोडता का नाही?"

तात्या गप्प. उसाचा पहिला कोंब, म्हणजे जेठा, दीड-दोन महिन्यांनी मोडतात, की बुडातून फुटवे जोमाने यावेत. तात्यांनी एकरच्या एकर जेठे मोडलेले. शिवाय बेणं तोडताना तरी काय होतं? उभ्या उसाचे डोळे झोपलेले असतात, टिपरी तोडून मातीत ठेवली की जागे होतात. म्हणजे शेंडा खुडण्यामागचं सगळं शास्त्र तात्यांच्या विळ्याला तोंडपाठ होतं. फक्त ते झेंडूला लागू पडतं, हे मान्य करायची तयारी नव्हती.

बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "ऊस कारखान्याला जातो. हे दारात राहतं."

यावर काकूंकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं, आपल्याकडेही नाही. फाजील मायेला वाद घालून कुणी हरवलेलं नाही.

दसऱ्याला झाडं छातीला लागली होती. फुलं तीन. त्यातलं एक नातवाने तोडलं. तोरणाची फुलं पोराने हायवेच्या कडेच्या ढिगावरून वजनावर आणली. ती आणताना तात्या आत जाऊन देवाचं काहीतरी करत बसले. दिवाळीनंतर, बाजारातला भाव पडल्यावर, त्यांच्या झेंडूला फुलायची आठवण झाली. मग मात्र तात्या ती फुलं तोडू देईनात. "झाडावरच शोभतात." फुलं जागेवर सुकली, त्यांत बी धरलं आणि झाडांनी आपलं काम झालं असं समजून माना टाकल्या. काढत राहिलं असतं तर आणखी येत राहिली असती.

पुढच्या वर्षी काकूंनी वाद घातला नाही. तात्या रोज सकाळी रस्त्यावरच्या हॉटेलात चहाला जातात, तेव्हा एका सकाळी नखाने सगळे शेंडे उडवले आणि युरियाची बादली न्हाणीघरात साबणाच्या पाण्याखाली ठेवली. तात्या परत आले. पट्टीपाशी थांबले. आत आले. दोन दिवस पाणी मागायलासुद्धा नातवाचा वापर केला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा पट्टी नारंगी झाली होती. पान दिसेल तर शपथ. तात्या पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते आणि चिमटी हवेत धरून दाखवत होते.

"शेंडा खुडावा लागतो. लोकांचं धाडस होत नाही. माया आडवी येती. मी म्हटलं, काढून टाका."

काकू ओट्यावर तोरण ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पट्टीच्या अगदी टोकाला, भिंतीआड, एक झाड मात्र पुरुषभर वाढून उभं होतं, शेंड्यासकट, बिनफुलाचं. हे कसं राहिलं म्हणून मी विचारलं.

"ते?" तात्या आवाज खाली आणून म्हणाले, "ते बेण्याला ठेवलंय."