शहराध्यक्ष

मोशीत आमच्या गल्लीत एका पक्षाचे शहराध्यक्ष राहतात. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण ऐकल्यावर तुम्ही "हा कुठला?" असं विचाराल आणि त्यांना ते फार लागतं. नोंदणीकृत आहे, मान्यताप्राप्त नाही, एवढं पुरे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगानं असले ३३४ पक्ष एका फटक्यात यादीतून उडवले. सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही म्हणून. अध्यक्षांनी ती यादी वरून खाली आणि मग खालून वर वाचली. आपलं नाव नाही म्हटल्यावर गल्लीत पेढे वाटले. जिंकल्याचे पेढे मी अनेकांचे खाल्लेत, अजून असल्याचे पहिल्यांदाच खाल्ले.

पक्षाचं मध्यवर्ती कार्यालय त्यांच्या ॲक्टिव्हाच्या डिकीत आहे. लेटरहेडचा गठ्ठा, रबरी शिक्का, स्टॅम्प पॅड, उपरणी. लेटरहेडवर डावीकडे अख्खी कार्यकारिणी छापलीय: नऊ उपाध्यक्ष, सात सरचिटणीस, संघटक, सहसंघटक, संपर्कप्रमुख. नावं इतकी खाली उतरतात, की मजकुराला जेमतेम चार बोटं जागा उरते. साधा कार्यकर्ता मात्र एकही नाही. "पद दिलं की माणूस टिकतो," अध्यक्ष म्हणतात. "नुसता कार्यकर्ता ठेवला, तर उद्या तो दुसरीकडं सरचिटणीस होतो."

निवेदन हा त्यांचा खरा प्रांत. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, आणि अध्यक्षांचं निवेदनही साधारण त्याच वेळापत्रकानं महापालिकेत जातं. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी, तळवड्याचा रेड झोन, इंद्रायणीवरचा फेस, काही म्हणता काही सुटलेलं नाही. शेवट ठरलेला: "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील." उत्तराची त्यांना फारशी ओढ नसते, आवक विभागाचा पोचेचा शिक्का ठळक उठला पाहिजे. एकदा "आपले निवेदन संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे" असं लेखी उत्तर आलं, तर त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं. २०२३ मध्ये सरकारनं अनधिकृत बांधकामांचा शास्तीकर माफ केला, तेव्हा "आमच्या पाठपुराव्याला यश" असा फ्लेक्स चौकात लागला. तोही अनधिकृतच होता. दुपारपर्यंत उतरला.

तीव्र आंदोलन पिंपरीच्या आंबेडकर चौकात होतं. माणसं अकरा, त्यातले दोन साध्या वेशातले पोलीस. गोपनीय शाखेच्या त्या दोघांना अध्यक्ष नावानं ओळखतात, चहाही पाजतात. कधी गर्दी फारच विरळ असली तर फोटोपुरतं जरा जवळ उभं राहायची विनंती करतात. घोषणा मात्र हजारांच्या.

यावर हसणं सोपं आहे, आणि मी हसतोच. पण चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडच्या पोराचं बोट गेलं, आणि ठेकेदार म्हणाला "हा आमचा माणूसच नाही", की रात्री फोन येतो तो अध्यक्षांना. अपघाताचा फॉर्म कुणी भरायचा, चिंचवडच्या मोहननगरातल्या ईएसआय रुग्णालयात कुठली खिडकी, हे त्यांना पाठ. ठेकेदार सही करेपर्यंत ते कंपनीच्या गेटवर ठिय्या देतात. तो एकट्याचा ठिय्या असतो आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

बरं झालेलं ते पोर सदस्य होतं. पावती फाडतं, पेढे आणतं. असे चारशेच्या वर सदस्य आहेत, वहीत नावानिशी. अडचण एवढीच, की त्यातल्या बहुतेकांचं मत अहमदपूरला, नाही तर जिंतूर-चाळीसगावला. या पट्ट्यात माणूस घाम इथं गाळतो आणि मत गावी टाकतो. गावातलं नाव कापलं तर भावकीत काय तोंड दाखवायचं? अध्यक्षांचा पक्ष त्यामुळे मराठवाडा-खानदेशात कुणाला तरी निवडून देत असावा, अशी मला शंका आहे. तिथं तो अस्तित्वात नाही ही गोष्ट वेगळी.

निराश झाले की ते इतिहासात शिरतात. "शेकाप कुठं जन्मला? १९४७ ला, आळंदीला! हे इथं, मोशीच्या शेजारी!" पुढं सांगोल्याचे गणपतराव देशमुख येतात; एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार. मग आवाज खाली येतो. २०१४ ला लक्ष्मण जगताप शेकापच्या पाठिंब्यावर मावळातून लोकसभा लढले, दुसरे आले, आणि ऑक्टोबरात चिंचवडमधून भाजपचे आमदार झाले. "आपण नाही कुणाकडं गेलो," अध्यक्ष छाती काढून म्हणतात. कुणी बोलावलंय का, हे मी विचारत नाही. शेजारधर्म आहे.

त्यांचा सुवर्णकाळ मार्च २०२२ ला सुरू झाला. महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला आणि १२८ नगरसेवक एका दिवसात माजी झाले. "आता त्यांचं आणि आपलं संख्याबळ सारखं!" जवळजवळ चार वर्षं हा समसमान सामना चालला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनं तो मोडला.

अध्यक्षही उभे राहिले. प्रभाग चार जागांचा, म्हणजे मतदाराला चार मतं. अध्यक्षांनी दारोदार फिरून सांगितलं, "तीन कुणालाही द्या, एक आपल्याला." लोकांनी तीन कुणालाही दिली, आणि चौथंही. अनामत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. हातात लेटरहेड. कंपनीतल्या कामगाराचं नाव तो राहतो तिथल्या यादीत चढवण्यासाठी खास मोहीम घ्यावी, असं आयोगाला निवेदन. व्याकरण तपासून हवं होतं. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. त्यांनी डिकी उघडून दुसरा कागद काढला, त्यावर शिक्का मारला आणि उभ्या उभ्या माझ्या हातात दिला. नियुक्तिपत्र: उपाध्यक्ष, साहित्य व बुद्धिजीवी आघाडी.

"अध्यक्ष कोण आहे या आघाडीचा?"

"रिकामं ठेवलंय," ते किक मारता मारता म्हणाले. "युती झाली तर त्यांना काहीतरी द्यावं लागेल ना!"