पी ०४२०

कॅलिफोर्नियात पेट्रोलची नवी गाडी घेतली की पहिली आठ वर्षं सरकार तिच्या धुराची विचारपूस करत नाही. मग मात्र दर दोन वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाच्या पत्रात एक ओळ येते: ‘स्मॉग चेक’ करून घ्या. आणि एरवी गुण्यागोविंदाने नांदणारी गाडी नेमकी त्याच सुमारास डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लावून बसते. गाडीला टपाल वाचता येतं, हा माझा जुना संशय आहे.

पुण्यात पीयूसी काढताना सायलेन्सरमध्ये नळी घालतात, कागद छापतात, आपण सुटतो. दिवा पेटलाय का, हे कुणी बघत नाही. इथे २००० सालच्या आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांचा धूर हुंगायच्या भानगडीत कुणी पडत नाही. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६पासूनच्या प्रत्येक पेट्रोल मोटारीला ते सक्तीचं आहे. परीक्षक त्यात वायर खुपसतो आणि थेट गाडीचीच जबानी घेतो. दिवा पेटलेला असेल तर नापास, मग धूर कितीही सात्त्विक असो.

तसलंच छोटं यंत्र बाजारात स्वस्तात मिळतं, त्यामुळे परीक्षेआधी आपणही गाडीला बोलतं करू शकतो. ती पाच अक्षरांत बोलते. पी ०३०१ म्हणाली तर पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. पी ०४५५ म्हणजे टाकीतली वाफ कुठूनतरी निसटतेय. यातलं ‘कुठूनतरी’ पुष्कळदा टाकीचं झाकणच असतं. घाईत फिरवलेलं, टिकटिक व्हायच्या आत सोडून दिलेलं.

आमच्या गाडीने सांगितलं पी ०४२०. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले माझे सासरे, नाना, तेव्हा आमच्याकडे आले होते.

“काय म्हणते?” नानांनी विचारलं.

“चारशेवीस.”

“गाडी, की गाडी विकणारा?”

या कोडचा अर्थ असा की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायू निवळणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा, आपलं काम नीट करत नाही. कॅलिफोर्नियात चालणारा मंजूर डबा घ्यायचा तर बिल सहज हजार डॉलरच्या वर जातं. गॅरेजवाल्याने कोड पाहिला आणि चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख आणून डबा बदलायला सांगितला.

पण गाडीने डबा पाहिलेला नसतो. तिच्याकडे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक डब्याच्या आधी, एक नंतर. ते छोटं यंत्र मोबाइलला जोडलं की त्यावर दोघांचे आलेख उमटतात. पुढच्याची रेघ एक दशांश व्होल्टपासून नऊ दशांशपर्यंत सारखी वर-खाली उड्या मारते, ते ठीकच आहे. मागच्याची शांत हवी. आमच्याकडे मागचाही अधूनमधून पुढच्याच्या तालावर नाचत होता. तेवढ्यावरून गाडीने डब्यावर आळ घेतला. आता, मागच्या सेन्सरजवळ पाइपाचा जोड फुटका असेल आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी रेघ नाचतेच. ही शक्यता तपासायला गाडीखाली वाकावं लागतं. मोबाइलला ते जमत नाही, आणि गॅरेजवाल्याला गरज वाटली नव्हती.

नाना वाकले. उमेदीच्या काळात ते स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकत. “जावईबापू, गार असतानाच सुरू करा,” म्हणाले. जाड फडकं घेऊन सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबलं. डब्याच्या मागच्या जोडातून फुसफुस आवाज आला. तिथे काजळीची बोटभर काळी रेघही होती. गॅस्केट बदललं, काम भागलं.

“पण तुमच्याकडे धूर दिसतोय कुठे, म्हणून एवढं स्तोम?” नानांचा हा प्रश्न मात्र रास्त होता. न दिसणाऱ्या गोष्टीचीच इथली कथा आहे. जुलै १९४३मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं असं मळभ आलं की काहींना तो जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला. पुढे हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने छडा लावला. ते खरं तर अननसाचा स्वाद कशाने येतो ते शोधत होते. अननस बाजूला ठेवून त्यांनी शहराची हवा तपासली आणि दाखवून दिलं, की पेट्रोलची वाफ आणि मोटारींचा धूर यांवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. ऊन तर इथलं भूषण! म्हणून ते सैल झाकणही गुन्हेगार.

दुरुस्तीनंतर यंत्रावरचं ‘पुसा’ हे बटण दाबलं की दिवा विझतो. पण पाटी पुसली की गाडी स्वतःच्या तपासण्यांचे निकालही पुसते, आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं. शिवाय २०१०पासूनच्या गाड्यांत एक कायमचा कोड राहतो, तो बॅटरी काढली तरी हटत नाही. दोष उरलेला नाही अशी गाडीची स्वतःची खात्री पटली की तीच तो पुसते. जुलै २०१९पासून तोही बघतात. मात्र पाटी पुसल्यानंतर इंजिन १५ वेळा गार होऊन तापलं आणि गाडी २०० मैल धावली, तर त्याकडे काणाडोळा करतात.

तेव्हा अशा दिवसांत मी भलताच परोपकारी होतो. कुणाला विमानतळावर सोडायचंय, कुणाचा सोफा आणायचाय, मंडळाच्या नाटकाचे पडदे पोचवायचेत, मी हजर. नाना पुढच्या सीटवर बसून मैल मोजतात. फक्त कुणी ‘पेट्रोल तरी भरू दे’ म्हणून हट्ट धरला की पंचाईत होते. टाकी काठोकाठ भरली की वाफेची तपासणी सुरूच होत नाही, टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधेच भरलेली हवी. ‘पाऊणच भरा’ म्हटलं की समोरचा मला फार संकोची समजतो.